सिम्पथेटिक गँग्लिऑन: स्लाइडवर ओळखायचं कसं आणि त्याला तंतू येतात कुठून

तुझे प्रश्न थोडक्यात असे: स्पॉटिंगला (स्लाइड बघून ओळखायच्या परीक्षेत) सिम्पथेटिक गँग्लिऑन आणि स्पायनल गँग्लिऑन यांच्यात दरवेळी गल्लत होते, पुस्तकातला तक्ता तोंडपाठ असूनही. दुसरं, 'गँग्लिऑनचं इनर्व्हेशन' म्हणजे नेमकं काय? गँग्लिऑन स्वतःच मज्जापेशींचं बनलेलं, मग त्याला आणखी तंतू कोण देतं? आणि तिसरं, तुमच्या प्रयोगशाळेतल्या एका जुन्या स्लाइडवर एकेका पेशीत दोन-दोन केंद्रकं दिसली, ती खरी की भास?

तिसऱ्याचं उत्तर लगेच देतो. खरी आहेत, आणि ती स्लाइड बहुधा सशाची किंवा गिनीपिगची असणार. त्याबद्दल शेवटी लिहितो.

त्याआधी कोकणातल्या प्रत्येक विद्यार्थ्याला सांगतो ते तुलाही सांगतो. पावसाळ्यात इथल्या मायक्रोस्कोपच्या भिंगांना बुरशी धरते. आयपीसवरची बुरशी बारीक धाग्यांच्या जाळ्यासारखी दिसते आणि मुलं तिला खुशाल 'अनमायलिनेटेड फायबर्स' (मायलिनचं, म्हणजे चरबीचं, वेष्टण नसलेले मज्जातंतू) म्हणून वहीत काढतात. स्लाइड सरकव; जाळं जागचं हललं नाही तर आयपीस फिरवून बघ. त्याच्याबरोबर जाळं फिरलं की ते काय आहे ते कळलं. कपाटात बल्ब लावून ठेवा, सिलिका जेल वेळच्या वेळी बदला, एवढंच करायचं असतं. ते होत नाही ही गोष्ट वेगळी.

आता मुद्द्याचं. तक्ता उपयोगी पडत नाही कारण त्यात सात-आठ फरक सुटे सुटे दिलेले असतात आणि ते एकमेकांशी कसे बांधलेले आहेत हे कुणी सांगत नाही. खरा फरक एकच आहे: स्पायनल गँग्लिऑनमध्ये सिनॅप्स (एका न्यूरॉनने दुसऱ्याला निरोप द्यायचा सांधा) नसतो, स्वायत्त गँग्लिऑनमध्ये, म्हणजे सिम्पथेटिक आणि पॅरासिम्पथेटिक दोन्हींत, असतो. बाकी सगळं त्यातून निघतं.

स्पायनल गँग्लिऑनमधली पेशी संवेदनेची. तिच्यातून एकच फांदी निघते आणि पुढे दुभागते: एक टोक त्वचेकडे किंवा स्नायूकडे, दुसरं मज्जारज्जूकडे. या पेशीवर येऊन कुणी काही सांगत नाही, त्यामुळे तिला डेंड्राइट (निरोप घेणाऱ्या फांद्या) लागतच नाहीत. डेंड्राइट नाहीत म्हणून पेशी गोल गरगरीत, केंद्रक मधोमध, आणि भोवती सॅटेलाइट पेशींचं (न्यूरॉनला वेढणाऱ्या आधारपेशींचं) कडं जवळपास अखंड. कड्याला भोक पाडून बाहेर जाणारं एकच काय ते आहे.

स्वायत्त गँग्लिऑनमधली पेशी बहुध्रुवी. तिच्यावर दुसऱ्या न्यूरॉनचे तंतू येऊन टेकतात, त्यांना जागा द्यायला तिने चहूकडे डेंड्राइट पसरलेले असतात. साध्या हिमॅटॉक्सिलिन-इओसिनमध्ये डेंड्राइट धड दिसत नाहीत, हीच तुझी अडचण आहे. पण त्यांच्या खुणा दिसतात. पेशीची कड गोल न राहता कोनाकोनाची होते. सॅटेलाइट पेशींचं कडं जागोजागी तुटतं, कारण प्रत्येक डेंड्राइटला वाट द्यावी लागते. केंद्रक बऱ्याच पेशींत एका बाजूला सरकलेलं असतं.

केंद्रकाच्या जागेवरून निकाल देताना मुलं फसतात, कारण छेद पेशीच्या कुठल्या पातळीवरून गेला त्यावर ते अवलंबून असतं. म्हणून ज्या पेशींत न्यूक्लिओलस (केंद्रकातला गडद ठिपका) स्पष्ट दिसतो त्याच पेशी विचारात घे. त्यात छेद केंद्रकाच्या मधल्या भागातून गेलाय हे नक्की असतं. अशा दहा पेशी बघ. आठ-नऊ ठिकाणी केंद्रक मधोमध असेल तर स्पायनल. निम्म्याहून जास्त ठिकाणी कडेला असेल तर स्वायत्त. एका पेशीवरून कधीच सांगू नकोस.

आकारही पाहा. स्पायनल गँग्लिऑनमध्ये लहान-मोठ्या पेशींची सरमिसळ असते, साधारण २० मायक्रॉनपासून १०० मायक्रॉनपर्यंत. सिम्पथेटिकमध्ये बहुतेक पेशी २० ते ६० मायक्रॉनच्या आत, त्यामुळे एकसारख्या वाटतात. वयस्क माणसाच्या सिम्पथेटिक गँग्लिऑनमध्ये वयाबरोबर साचणाऱ्या पिवळसर-तपकिरी लिपोफ्युसिन या रंगद्रव्याचे कण इतके असतात की काही पेशींत तेच आधी डोळ्यांत भरतात.

पण मला विचारशील तर हे सगळं हाय पॉवरवर जाण्याआधीच उत्तर मिळायला हवं. लो पॉवरवर तंतू बघ. स्पायनल गँग्लिऑनमध्ये पेशींचे पुंजके कडेला असतात आणि मधून तंतूंचे जाड जुडगे शिस्तीत जातात. त्यातले पुष्कळसे मायलिनवाले. पॅराफिनच्या प्रक्रियेत मायलिनमधला स्निग्धांश विरघळून जातो, म्हणून आडव्या छेदात रिकामी कडी दिसते आणि मध्ये अ‍ॅक्सॉनचा ठिपका. ही कडी ठळक आणि भरपूर दिसली की मला पुढे बघायची गरज वाटत नाही. सिम्पथेटिकमध्ये पेशी सगळीकडे विखुरलेल्या आणि तंतू त्यांच्यामधून वाट फुटेल तसे, नागमोडी, फिकट गुलाबी, बहुतेक मायलिन नसलेले.

आणखी एक फसवी गोष्ट म्हणजे पेशीभोवतीची पांढरी पोकळी. ती फिक्सेशनमध्ये पेशी आकसल्याने झालेली असते. तिला 'कॅप्सूल' म्हणून नाव देऊ नकोस.

हे डोळ्यांना वळण लागायचं तर स्वतः एक गँग्लिऑन काढून बघ. खाटकाकडे बकऱ्याचं मुंडकं मानेसकट माग, आणि सकाळीच जा. इथल्या उकाड्यात दुपारपर्यंत ऊती खराब व्हायला लागते. मानेत कॅरोटिड धमनी सापडली की तिच्या अंगाला एक पांढरी दोरी लागेल. बकऱ्यात, आणि कुत्र्यातही, व्हेगस आणि सिम्पथेटिक खोड एकाच आवरणात बांधलेले असतात. माणसात आणि सशात ते वेगळे असतात. दोरी धरून वर कवटीच्या तळापर्यंत जा. तिथे व्हेगसपासून फुटून निघालेली फांदी जिथे चातीसारखी फुगते आणि राखी-गुलाबी दिसते, ते क्रेनियल सर्व्हायकल गँग्लिऑन, म्हणजे माणसातल्या सुपीरियर सर्व्हायकलचा जोडीदार. जवळपास लसिकाग्रंथीही असतात आणि पहिल्यांदा सगळे त्याच कापतात. ग्रंथीला अशी दोन टोकांना लागलेली दोरी नसते. गँग्लिऑन उचललं की त्याच्याबरोबर दोरीही उचलली जाते. लगेच दहा टक्के फॉर्मलिनमध्ये टाक. शक्य असेल तर एक छेद क्रेसिल व्हायोलेटने आणि एक चांदीच्या रंजनाने करून घे. चांदीत डेंड्राइट काळे होऊन उठतात, आणि वर लिहिलेलं सगळं पाच मिनिटांत पटतं.

पॅरासिम्पथेटिक गँग्लिऑन सिम्पथेटिकपासून वेगळं कसं ओळखायचं, हेही ओघाने येतं. साध्या रंजनात पेशीकडे बघून ओळखता येत नाही; ते कुठे बसलंय ते बघायचं. लाळग्रंथीच्या स्लाइडवर नळीच्या बाजूला आठ-दहा मोठ्या पेशींचा पुंजका दिसला तर ते सबमँडिब्युलर. आतड्याच्या भिंतीत वर्तुळाकार आणि लांबट स्नायूंच्या मधल्या फटीत दिसला तर ऑअरबाखचं जाळं, सबम्यूकोजात दिसला तर माइस्नरचं. आतड्यातली गँग्लिया तशी चमत्कारिकच. त्यांच्या आत ना कोलॅजन शिरतं ना रक्तवाहिन्या, आणि त्यातल्या आधारपेशी मेंदूतल्या अ‍ॅस्ट्रोसाइटशी नातं सांगतात. बाळात ही गँग्लिया आतड्याच्या शेवटच्या भागात तयारच झाली नाहीत तर हर्शस्प्रुंग आजार होतो, साधारण ५,००० जन्मांमागे एक. तिथे पॅथॉलॉजिस्टला 'आहे' हे दाखवायचं नसतं, 'कुठेच नाही' हे सिद्ध करायचं असतं. छेदामागून छेद बघत बसावं लागतं, आणि नवजात बाळाच्या गँग्लिऑन पेशी लहान, अपक्व, सहज नजरेतून सुटणाऱ्या.

आता दुसरा प्रश्न, आणि माझ्या मते तुझ्या तिन्हींतला चांगला.

सिम्पथेटिकला तंतू येतात ते मज्जारज्जूच्या पहिल्या थोरॅसिकपासून दुसऱ्या लंबर खंडापर्यंतच्या इंटरमीडियोलॅटरल स्तंभातल्या पेशींकडून. हे प्रीगँग्लिऑनिक, म्हणजे गँग्लिऑनच्या आधीचे, तंतू बारीक पण मायलिनवाले, वेगाच्या वर्गवारीत बी गटातले. ते व्हाइट रॅमस या जोडफांदीतून कण्याच्या बाजूच्या गँग्लियांच्या साखळीत शिरतात. इथवर सगळ्यांना येतं. गडबड पुढे होते, कारण साखळीत शिरला म्हणजे तिथेच सिनॅप्स झाला असं मुलं धरून चालतात. तंतू त्याच पातळीवर सिनॅप्स करू शकतो. साखळीतून वर किंवा खाली जाऊन दुसऱ्या गँग्लिऑनमध्ये करू शकतो. किंवा तिथे न थांबता स्प्लँक्निक मज्जातंतूतून सीलिअ‍ॅक, मेसेंटेरिकसारख्या महाधमनीसमोरच्या गँग्लियांपर्यंत जाऊ शकतो. काही तंतू थेट अ‍ॅड्रिनलच्या गाभ्यात जाऊन थांबतात, आणि तो गाभा म्हणजे अ‍ॅक्सॉन गमावलेलं सिम्पथेटिक गँग्लिऑनच समज. मानेत व्हाइट रॅमस नाही. म्हणून सुपीरियर सर्व्हायकल गँग्लिऑनला येणारा प्रत्येक प्रीगँग्लिऑनिक तंतू छातीच्या वरच्या खंडांतून निघून साखळीतून वर चढलेला असतो. फुप्फुसाच्या शेंड्यावरच्या गाठीने त्याच बाजूची पापणी का खाली पडते आणि बाहुली का बारीक होते, त्याचं कारण ही चढण. वाट अडते छातीच्या तोंडाशी, परिणाम दिसतो डोळ्यात.

येणारे तंतू थोडे, पेशी फार. माणसाच्या सुपीरियर सर्व्हायकलमध्ये दहा लाखांच्या घरात न्यूरॉन आहेत, आणि एका प्रीगँग्लिऑनिक तंतूमागे शंभराच्या आसपास पेशी पडतात असा अंदाज आहे. मांजरात बिलिंग्जली आणि रॅन्सन यांनी १९१८ मध्ये हेच मोजलं तेव्हा गुणोत्तर १:३२ आलं होतं. पण हे आकडे पाठ करून प्रत्येक तंतूने आपापल्या पेशी वाटून घेतल्यात असं चित्र डोळ्यासमोर आणू नकोस. एका पेशीवर अनेक तंतूही येतात. उंदराच्या पेशीवर सरासरी चार-पाच, सशात पंधराच्या आसपास. जनावर मोठं तसे पेशीचे डेंड्राइट जास्त पसरलेले, आणि डेंड्राइट जास्त तसे येणारे तंतू जास्त. उलट टोकाला उंदीरवर्गातलं सबमँडिब्युलर गँग्लिऑन घे. तिथल्या प्रौढ पेशीला डेंड्राइट जवळजवळ नाहीतच आणि तिला एकच तंतू येतो. नुकत्याच जन्मलेल्या पिल्लात मात्र त्याच पेशीवर चार-पाच तंतू असतात. पहिल्या काही आठवड्यांत बाकीचे गळून जातात. रचना आणि इनर्व्हेशन यांचं नातं इतकं सरळ दिसणारी जागा मला तरी दुसरी माहीत नाही.

सिनॅप्स बहुतांशी डेंड्राइटवर असतात, पेशीच्या अंगावर कमी. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली टोकात लहान, गोल, स्वच्छ व्हेसिकल भरलेली दिसतात आणि अधूनमधून मोठी, गाभा काळा असलेली. स्वच्छ व्हेसिकलांत अ‍ॅसिटिलकोलिन, आणि ते समोरच्या निकोटिनिक रिसेप्टरवर काम करतं. हे आपल्याला कळलं ते निकोटिनमुळे. १८८९ मध्ये केंब्रिजला लँग्ली आणि डिकिन्सन यांनी गँग्लिऑनवर निकोटिनचं द्रावण ब्रशने लावलं. मग गँग्लिऑनच्या आधीचा तंतू उत्तेजित केला तर काही होईना, नंतरचा केला तर होई. कुठल्या मार्गाचा सिनॅप्स कुठल्या गँग्लिऑनमध्ये आहे हे शोधण्याचं हत्यारच त्यांच्या हाती लागलं. 'ऑटोनॉमिक' हे नाव लँग्लीचंच, १८९८ मधलं. आपल्याकडे मशेरीची सवय नसलेल्याने कौतुकाने लावून पाहिली की दरदरून घाम, मळमळ आणि छातीत धडधड होते. त्यातलं काही मेंदूतलं आणि काही थेट या गँग्लियांतलं.

आंब्याच्या हंगामात याचं दुसरं रूप बघायला मिळतं. मोहोरावर तुडतुड्यांसाठी फवारणी करताना ऑर्गॅनोफॉस्फेट या कीटकनाशकाची विषबाधा झालेला माणूस येतो. लाळ, घाम, छातीत घरघर, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, हे पुस्तकी चित्र. पण कधी नाडी मंद नसतेच, उलट पळत असते आणि रक्तदाब चढलेला असतो. इंटर्न गोंधळतात. कोलिनएस्टरेज हे मोडतोड करणारं एन्झाइम बंद पडल्यावर अ‍ॅसिटिलकोलिन गँग्लिऑनमध्येही साचतं, सिम्पथेटिक गँग्लिऑनमध्येसुद्धा, आणि तिथून निघणारा हुकूम नाडी वाढवण्याचा असतो. अ‍ॅट्रोपिन मस्करिनिक रिसेप्टर अडवतं. गँग्लिऑनमधल्या निकोटिनिक रिसेप्टरला आणि स्नायूंच्या फडफडीला ते हात लावत नाही. म्हणून अ‍ॅट्रोपिन देताना नजर छातीतल्या स्रावावर ठेवायची, नुसत्या नाडीवर नाही.

लाल विंचवाचं प्रकरण यात घालू नकोस, जरी दोन्हीकडे 'स्वायत्त वादळ' हा शब्द वापरतात. विंचवाचं विष सोडियम चॅनल मिटू देत नाही, त्यामुळे तंतूंच्या टोकांतून आणि अ‍ॅड्रिनलमधून कॅटेकोलअमाइन उसळतात. तिथे कळीची जागा गँग्लिऑनच्या पलीकडची, अल्फा रिसेप्टरची. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन हे अल्फा रिसेप्टर अडवणारं औषध वापरून दाखवलं ते तिथेच काम करतं.

आता गँग्लिऑनच्या आत येणारे बाकीचे तंतू. परीक्षेत हे कुणी विचारत नाही, पण तुझ्या प्रश्नाचं खरं उत्तर इथे आहे. पाठीच्या कण्याच्या बाजूच्या साखळीतल्या पेशीला येणाऱ्या अनेक तंतूंपैकी एक-दोन जोरकस असतात. त्यांच्यातून आवेग आला की पेशी पेटतेच. तिथे गँग्लिऑन आलेला निरोप जवळपास जसाच्या तसा पुढे देतं. महाधमनीसमोरच्या गँग्लियांत तसं नाही. तिथे बरेच तंतू एकेकटे दुबळे असतात आणि ते सगळे मज्जारज्जूतून आलेलेही नसतात. आतड्याच्या भिंतीतल्या काही न्यूरॉनचे अ‍ॅक्सॉन उलट दिशेने चालत सीलिअ‍ॅक-मेसेंटेरिक गँग्लियांत येतात आणि तिथे सिनॅप्स करतात. आतडं ताणलं गेलं की ते बोलतात. शिवाय स्पायनल गँग्लिऑनमधल्या संवेदी पेशींचे तंतू मज्जारज्जूकडे जाताना वाटेत इथे फांद्या सोडतात, त्यांत सब्स्टन्स पी हे निरोप पोचवणारं पेप्टाइड असतं, आणि त्याने येणारा बदल सावकाश येऊन बराच वेळ टिकतो. मज्जारज्जूकडून आलेला तंतू आणि आतड्याकडून आलेला तंतू एकाच पेशीवर टेकले की ती पेशी दोन्ही ऐकून ठरवते. म्हणजे आतड्याचा एक रिफ्लेक्स मज्जारज्जूला न विचारता पुरा होऊ शकतो. गिनीपिगचं इन्फीरियर मेसेंटेरिक गँग्लिऑन बाहेर काढून, मोठ्या आतड्याचा तुकडा त्याला जोडलेला ठेवून हे दाखवलेलं आहे. गँग्लिऑनला नुसतं 'रिले स्टेशन' म्हणून मोकळं होणाऱ्या पुस्तकांवर माझा राग आहे तो यासाठी.

एसआयएफ (लहान, तीव्र चमकणाऱ्या) पेशींबद्दल थोडक्यात. फॉर्मल्डिहाइडच्या वाफेने कॅटेकोलअमाइन चमकवण्याची पद्धत आल्यावर १९६०च्या दशकात एरँको आणि हार्कोनेन यांना उंदराच्या गँग्लिऑनमध्ये न्यूरॉनपेक्षा कितीतरी लहान, पण झगझगीत चमकणाऱ्या पेशींचे पुंजके दिसले. त्यांना स्वतःला प्रीगँग्लिऑनिक तंतू येतात आणि त्या केशवाहिन्यांना चिकटून बसतात. साध्या रंजनात मात्र त्या शोधत बसू नकोस, वेळ जाईल.

राहिली दोन केंद्रकं. ससा आणि गिनीपिग यांच्या सिम्पथेटिक न्यूरॉनमध्ये दोन केंद्रकं असणं नेहमीचंच आहे, माणसात ते क्वचित दिसतं. तेव्हा तसं दिसलं तर तो सिम्पथेटिकच्या बाजूचा भक्कम पुरावा समज, पण फक्त जनावर कुठलं ते माहीत असेल तर. जनावरागणिक बाकीचंही बदलतं. घोड्याचं क्रेनियल सर्व्हायकल गँग्लिऑन गटरल पाउचच्या (घशाजवळच्या हवेच्या पिशवीच्या) पडद्याला लागून असतं, आणि तिथे इजा झाली की माणसासारखा चेहरा कोरडा पडण्याऐवजी त्या बाजूला घाम सुटतो. काशीद-मुरूडच्या घोडागाडीवाल्याने कधी सांगितलं की जनावराला मानेच्या एकाच बाजूला घाम येतोय आणि पापणी पडलीय, तर त्याला पशुवैद्याकडे पाठव.

स्लाइडच्या चिठ्ठीवर नुसतं 'सिम्पथेटिक गँग्लिऑन' एवढंच लिहिलं असेल तर जुनं रजिस्टर काढायला सांग. प्राणी आणि रंजन दोन्ही त्यात असतात. आणि स्पॉटिंगला चित्र काढताना पेशीची कड कोनाकोनाची काढ, सॅटेलाइट पेशींच्या कड्यात मुद्दाम फटी ठेव आणि त्या फटींवर 'इथून डेंड्राइट' असं लिही. परीक्षक तिथे बोट ठेवतोच.